पेशवे पार्कच्या तळ्यातलं पिंप आणि पुढचे नऊ खून

पर्वतीपायथा
पुण्यातल्या १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर इथे आधी धागे येऊन गेलेत, त्यामुळे सगळं रामायण परत नको. मला फक्त सुरुवातीबद्दल बोलायचंय. आपण नावं घेतो जोशी आणि अभ्यंकर, पण पहिला खून त्यांच्यातल्या कुणाचा नव्हताच. पहिला प्रकाश हेगडे. अभिनव कला महाविद्यालयाचा विद्यार्थी, वडिलांचं कॉलेजच्या मागेच 'विश्व' हॉटेल. जानेवारी १९७६ मध्ये राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनावर शहा या त्याच कॉलेजच्या पोरांनी त्याला काहीतरी थाप मारून कर्वे रोडवरच्या जक्कलच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, 'मी घर सोडून जातोय' अशी चिठ्ठी त्याच्याच हातानं लिहून घेतली, रात्री पेशवे पार्कात नेऊन नायलॉनच्या दोरीनं गळा आवळला, लोखंडी पिंपात घातलं, दगड भरले आणि पिंप तळ्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी वडिलांकडे खंडणीची चिठ्ठी.

पुढचं सगळ्यांना माहितीये. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघं, १ डिसेंबरला भांडारकर रोडवरच्या 'स्मृती' बंगल्यात अभ्यंकरांकडचे पाच जण, २३ मार्च १९७७ ला अनिल गोखले. ३० मार्चला अटक, आणि मग त्या पिंपाचा उलगडा.

म्हणजे चौदा महिन्यांहून जास्त काळ ते पिंप भर पुण्यात, जिथे रविवारी पोरंबाळं घेऊन लोक माकडं आणि फुलराणी ही छोटी आगगाडी बघायला जात होते, तिथे पाण्याखाली होतं. माझं सरळ म्हणणं आहे की तो पहिला शोध लागला असता तर नऊ माणसं वाचली असती. तर प्रश्न असा की कुणाला काहीच कसं कळलं नाही? ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांनी प्लीज लिहा.

चहातलाटोस्ट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सदाशिवपेठी
चहातलाटोस्ट, विषय काय, आपण बोलतोय काय. दहा माणसं गेलीयेत.

जुनाखोड_७६
मी तेव्हा एसपी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. टिळक रोडवरच आमचं सगळं आयुष्य, 'विश्व'मध्ये चहा प्यायलोय, अभिनवची पोरं तर रोज दिसायची, लांब केस, बेलबॉटम, खांद्याला ड्रॉइंगची नळकांडी. हेगडे हरवला तेव्हा आमच्यापर्यंत आलं ते एवढंच की हॉटेलवाल्यांचा मुलगा कुठेतरी गेलाय. आता तरुण पोरगं घरातून गेलं म्हटल्यावर लोक काय म्हणणार, मुंबईला गेला असेल, सिनेमात काम शोधत असेल, येईल पैसे संपले की. कुणी विशीतलं पोर गेलं की खून झाला असेल असं मनातसुद्धा यायचं नाही हो. पुणं तसं गाव नव्हतंच.

आणि धागाकर्त्यानी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती आणीबाणी होती. जानेवारी ७६ म्हणजे ऐन भरात. वर्तमानपत्रात काय येणार आणि काय नाही ह्यावर नियंत्रण, पोलीस स्टेशनला जाऊन तावातावानं विचारायची कुणाची छाती नव्हती, पोलिसांचं निम्मं लक्ष कोण पत्रकं वाटतोय इकडे. गंमत बघा, आणीबाणी उठली २१ मार्च ७७ ला, गोखले गेला २३ ला आणि त्याचा मृतदेह येरवड्याजवळ नदीत दिसला २४ तारखेला, ज्या दिवशी दिल्लीत मोरारजींचा शपथविधी झाला. अख्खा देश रेडिओला कान लावून आणि पुण्यात लोक नदीकडे धावत होते.

पर्वतीपायथा
धन्यवाद काका. पण खंडणीची चिठ्ठी आली होती ना? मग 'पळून गेला' हे कसं टिकलं?

जुनाखोड_७६
घरच्यांना काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही. मी गावात काय बोललं जायचं ते सांगतोय. चिठ्ठीबिठ्ठी आम्हाला सगळं नंतर कळलं, खटल्याच्या वेळी.

बाईमाणूस
अभ्यंकरांच्या नंतरचे दिवस मला आठवतात, मी नववीत होते, डेक्कनला राहायचो. संध्याकाळी सात वाजता रस्ते ओस. आई गॅलरीतून 'कोण आहे' विचारायची, नाव सांगितलं तरी दार उघडायची नाही, आधी खाली वाकून चपला बघायची. आमच्या वाड्यात एका आठवड्यात सगळ्यांनी दाराला साखळ्या बसवल्या आणि सुताराला बोलावून भोकं पाडून ते काचेचे डोळे बसवून घेतले. सुतार दोन दिवस वाड्यातच जेवला.

चहातलाटोस्ट
म्हणजे पुणेकर दुपारी दार उघडत नाहीत त्याचं मूळ इथे आहे तर.

बाईमाणूस
त्याआधी उघडायचे असं कोण म्हणालं? :)

नागपूरवाला_बापू
काय राजेहो, तुमचं पुणं घाबरलं तर त्याचा इतिहास होते, आमच्याकडं रोज पेपरात येते तर कोणी धागा नाही काढत. असो. मानवतचं प्रकरण पण त्याच काळातलं, १९७२ पासूनचं, परभणी जिल्ह्यातलं. त्यात बिचाऱ्या खेड्यातल्या बायका आणि लहान पोरी गेल्या, गुप्तधनाच्या पायी. त्याच्याबद्दल का नाही बोलत कोणी?

सदाशिवपेठी
बापू, त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो. इथे घुसवू नका.

शब्दकोशी
एक तक्रार माझीही. जक्कल कोण हे शेंबडं पोरगंही सांगेल. काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते हे किती जण सांगतील? संस्कृत व्याकरणाचा त्यांचा जो कोश आहे, १९६१ साली बडोद्याहून निघालेला, तो आजही व्याकरण शिकणारा माणूस हाताशी ठेवतो. वडील वासुदेवशास्त्री, त्यांनी पातंजल महाभाष्याचं मराठी भाषांतर केलेलं, आणि त्याला प्रस्तावनेचा अख्खा खंड काशिनाथशास्त्रींचा. मी एम.ए.ला असताना 'ज्ञापक' म्हणजे काय हे त्या कोशातून कळलं, सरांच्या लेक्चरमधून नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, पत्नी इंदिराबाई, दोन नातवंडं आणि घरात कामाला असलेल्या सकुबाई वाघ. सकुबाईंचं नाव तर यादीत नेहमी शेवटी, किंवा 'आणि मोलकरीण'.

बाईमाणूस
+१. 'आणि मोलकरीण' हे मीही ऐकत आलेय.

डॉ_हाडंमोडे
मी फॉरेन्सिक मेडिसिनचा मास्तर, निवृत्त. नावावर जाऊ नका. मूळ प्रश्नाचं एक उत्तर निव्वळ शरीरशास्त्रात आहे.

पाण्यात टाकलेला मृतदेह आधी बुडतो. मग आतले जंतू काम सुरू करतात, पोटात वायू धरतो, आणि शरीर वर येतं. आपल्याकडच्या हवेत उन्हाळ्यात साधारण दिवसाभरात, थंडीत दोन-तीन दिवस. आता गोखलेचं बघा. लोखंडी शिडीला बांधलेला, धोंडे लावलेले, तरी २३ च्या रात्रीचा मृतदेह २४ ला संध्याकाळी सापडतो. मार्चचा शेवट, नदीचं पाणी उथळ आणि कोमट. शिडीचं नि धोंड्यांचं वजन मिळून कमी पडलं असणार, फुगलेल्या शरीराला वर ढकलायला जोर बराच असतो. हेगडेचं उलट. जानेवारीची थंडी, साचलेलं पाणी, आणि शरीर नुसतं वजनाला बांधलेलं नाही तर भांड्याच्या आत कोंडलेलं. वायू झाला तरी तो निघून जातो, पिंप आणि दगड जागचे हलत नाहीत. त्यामुळे तळ्यावर काही तरंगत येईल आणि कुणाला दिसेल ही शक्यताच नव्हती.

दुसरं म्हणजे वास. पाण्याखाली, बंदिस्त, हवा नाही, तिथे कुजणं फार हळू होतं. बऱ्याचदा चरबीचं मेणासारखं पांढुरकं काहीतरी बनतं आणि ते महिनोन्महिने टिकतं. शिवाय शेजारी प्राणिसंग्रहालय. वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांजवळ वास आला म्हणून तक्रार कोण करणार?

पर्वतीपायथा
डॉक्टर, हे वाघाच्या पिंजऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. फार भारी.

दोरीवाले
आमचं दोरखंडाचं दुकान, तिसरी पिढी. वडील सांगायचे ते लिहितो. तेव्हा नायलॉन नवं होतं असं नाही पण महाग होतं, घरगुती कामाला लोक सुतळी नाहीतर काथ्याच घ्यायचे. नायलॉन घेणारे म्हणजे ट्रकवाले, तंबूवाले, गिर्यारोहणवाली पोरं. १९७७ च्या उन्हाळ्यात कुणी तरुण पोरगा दोन-चार वार नायलॉन मागायला आला की वडील आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे.

आता दोरीबद्दल थोडं. सुतळी पाण्यात ठेवलीत तर काही आठवड्यांत काळी पडते, हातानं तुटते. नायलॉनला पाणी काही करत नाही. पण नायलॉन गुळगुळीत असतं, साधी गाठ मारली तर सरकते, म्हणून सवय असलेला माणूस एक वेढा जास्त घेतो आणि टोक काडीनं जाळून गोळा करतो नाहीतर पीळ सुटतो. म्हणजे हातात बसलेली गाठ ही एक प्रकारे सहीच. एकदा सवय झाली की माणूस दरवेळी तशीच मारतो, न बघता.

जुनाखोड_७६
वा! नेमकं तेच झालं. गोखलेचा मृतदेह बघायला सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर गेले, तेव्हा त्यांच्या टीमला ती नायलॉनची दोरी आणि बांधायची पद्धत ओळखीची वाटली, जोशी-अभ्यंकरांच्या घरात दिसलेली. तोवर पाच महिने अख्खं खातं हात चोळत होतं. बाहेरगावची टोळी, फासेपारधी, काय वाट्टेल ते बोललं जायचं. नेहमीप्रमाणे ज्या जमातीवर शिक्का बसलेलाच आहे तिच्यावर पहिला संशय. आणि निघाले कोण, तर टिळक रोडवरचे, कॅनव्हासवर रंग लावणारे विद्यार्थी.

टेकडीवरचा
इथे मला धागाकर्त्याचं म्हणणं पटत नाही. 'पहिला शोध लागला असता तर' हे आज बसून बोलणं सोपं आहे. बेपत्ता माणूस म्हणजे शहरातली सगळी तळी उपसायची का? पुण्यात तेव्हा किती विहिरी होत्या मोजा. आणि पिंपाची कल्पना कुणाच्या बापाला आली असती?

पर्वतीपायथा
तळी उपसा असं मी कुठे म्हटलं? शेवटचा कुणाबरोबर दिसला हे कॉलेजात जाऊन विचारा एवढंच. टोळी बाहेरून आली नव्हती. त्याच वर्गातली, त्याच कट्ट्यावरची पोरं होती, आणि कॉलेजात त्यांची कीर्ती काही चांगली नव्हती, दारू, चोऱ्यामाऱ्या. शिवाय हा खून फक्त ह्या चौघांनाच माहीत होता असंही नाही.

टेकडीवरचा
कट्ट्यावर दारू पिणारी पोरं प्रत्येक कॉलेजात असतात. माझ्या कॉलेजात मीच होतो.

वकीलकाकू
धागाकर्त्याचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो पुढे न्या. ह्या प्रकरणाला वाचा फुटली ती अभ्यंकरांच्या बाजूनं नाही, हेगडेच्या बाजूनं फुटली. मार्च ७७ मध्ये ह्या पोरांना उचललं, हालचाली विचारल्या, उत्तरं एकमेकांशी जुळेनात. मग त्यांचा एक वर्गमित्र चौकशीत कोसळला. आणि हेगडेचा खून ज्यानं स्वतः पाहिला होता त्या आणखी एका मुलानं सगळं सांगितलं, तोच पुढे माफीचा साक्षीदार झाला. म्हणजे ज्या खुनाचा मागमूस नव्हता त्याच खुनानं बाकीचे उघडे पाडले.

आता कायदा. माफीचा साक्षीदार हा कायद्याच्या नजरेत गुन्ह्यातला भागीदारच. त्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा देता येते असं पुस्तकात असलं तरी कोर्ट सहसा देत नाही, त्याला बाहेरून दुजोरा मागतं. 'आम्ही अमुक ठिकाणी पिंपात घालून सोडला' असं तो म्हणाला आणि त्याच ठिकाणी, तसंच पिंप, त्यात दगड आणि माणसाचे अवशेष निघाले, तर ह्यापेक्षा मोठा दुजोरा कुठला? आरोपीनं पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण त्याच्या सांगण्यावरून जी वस्तू मिळते, तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. जुना पुरावा कायदा कलम २७. ह्याचा अर्थ कसा लावायचा ते प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, डिसेंबर १९४६ मध्येच पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात सांगून ठेवलंय आणि आजही आम्ही तेच वाचून दाखवतो. आता नवा कायदा आलाय, १ जुलै २०२४ पासून, आकडा बदलला, गाभा तोच.

चहातलाटोस्ट
काकू, एक खरोखरचा प्रश्न. पिंप सापडलंच नसतं तर हेगडेच्या खुनाचा खटलाच झाला नसता का? बॉडी नाही तर केस नाही असं सिनेमात असतं.

वकीलकाकू
सिनेमातच असतं. मृतदेह मिळालाच पाहिजे असा आपल्याकडे नियम नाही, सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्ये रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश ह्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. नाहीतर मृतदेह नीट नाहीसा करणाऱ्याला बक्षीसच मिळालं असतं. पण माणूस मेला हे इतर पुराव्यानं पक्कं व्हावं लागतं, आणि ते जड जातं. बचाव पक्ष एकच प्रश्न विचारतो, 'तो उद्या दारात येऊन उभा राहिला तर?'. आणि इथे तर त्याच्याच अक्षरातली घर सोडल्याची चिठ्ठी होती! ती चिठ्ठी लिहून घेणाऱ्यांनी हा विचार केला असेल का मला माहीत नाही, पण पिंप निघालं नसतं तर त्या चिठ्ठीवर एखाद्या चांगल्या वकिलानं दोन दिवस उलटतपासणी खेळवली असती.

ग्लासगोकर
डॉक्टर हाडंमोडे, तुमच्यासाठी खास. मी स्कॉटलंडमध्ये राहतो. इथून गाडीनं तासाभरावर मॉफट म्हणून गाव आहे, त्याच्या पुढे एका ओढ्यावरच्या पुलाखाली २९ सप्टेंबर १९३५ ला माणसाच्या अवयवांची गाठोडी सापडली. सत्तरच्या आसपास तुकडे, दोन बायकांचे, चेहरे आणि बोटांची टोकं मुद्दाम नष्ट केलेली. खुनी निघाला इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा डॉक्टर बक रक्स्टन. आणि हा रक्स्टन कोण? मुंबईचा पारशी! मूळ नाव बख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम, मुंबई विद्यापीठातून डॉक्टर झालेला. बायको इझाबेला आणि घरातली मुलांना सांभाळणारी मुलगी मेरी रॉजरसन, दोघींना मारलं.

पकडला कसा, तर गाठोड्यात वर्तमानपत्राची पानं होती आणि त्यातला एक अंक अशा खास आवृत्तीचा निघाला की जी फक्त लँकेस्टर-मोरकॅम्ब भागातच विकली गेली होती. आणि कवटी कुणाची हे ठरवायला इझाबेलाचा डोक्यावर मुकुट घातलेला एक फोटो घेतला, त्या खऱ्या मुकुटाच्या मापावरून फोटो खऱ्या आकाराचा केला आणि कवटीच्या फोटोवर ठेवला. जुळला.

डॉ_हाडंमोडे
अहो ग्लासगोकर, हे मी वर्षानुवर्षं शिकवलंय आणि दरवर्षी शेवटच्या बाकावरचे त्याच लेक्चरला जागे असायचे. ग्लेस्टर आणि ब्रॅश ह्या दोघांचं काम. त्यातच अळ्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढली, तोही त्या काळात नवीन प्रकार. फक्त एक ध्यानात ठेवा, कवटी आणि फोटो जुळला तर 'हा तोच' असं खात्रीनं म्हणता येत नाही, 'हा तो असू शकतो' एवढंच. न जुळला तर मात्र 'हा तो नव्हे' हे ठामपणे म्हणता येतं. रक्स्टनच्या वेळी डीएनए नव्हतं आणि १९७७ मध्ये पुण्यातही नव्हतं, ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्रीजची ती पद्धत यायला ८४-८५ उजाडलं. तोवर सगळी भिस्त कपडे, घड्याळ, दात, जुनं मोडलेलं हाड ह्यांच्यावर. बऱ्याचदा आईच ओळखायची. शर्टाचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं मीच लावलं होतं, अशी साक्ष मी स्वतः ऐकलीये, दुसऱ्या एका प्रकरणात. समोर हाडं होती आणि ती बाई फक्त बटणाकडे बघत होती.

बाईमाणूस
:(

पेणकर
डीएनए आलं म्हणून सगळं सुटतं असं समजू नका. आमच्याच पेण तालुक्यात, गागोदे खुर्दच्या जंगलात मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले, तेच शीना बोरा प्रकरण, नमुने मुंबईला जे.जे. हॉस्पिटलला गेले, आणि ते कुणाचे हा प्रश्न कुणी धसास लावायला ऑगस्ट २०१५ उजाडला. तेही एका वेगळ्याच गुन्ह्यात पकडलेल्या ड्रायव्हरनं तोंड उघडलं म्हणून. मग परत खणलं. तीन वर्षं! तंत्रज्ञान होतं, नमुने होते, पण जुळवायचं कुणाशी? मुलगी हरवली अशी नोंदच नव्हती. खटला कोर्टात आहे म्हणून आरोपींबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. पण २०२४ मध्ये कोर्टात आधी सांगितलं की ती हाडं सापडत नाहीयेत आणि नंतर ती सीबीआयच्या दिल्लीच्या ऑफिसात निघाली, हे पेपरात आलेलं आहे.

आणि हो, गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. आम्ही लहानपणी ते सांगायचो, आता बाहेरच्याला गाव सांगितलं की तो दुसरंच विचारतो.

नागपूरवाला_बापू
हाडं हरवली म्हणते! इथं माझ्या सातबाऱ्याची फाईल सापडून नाही राहिली तर हाडं काय सापडन.

शब्दकोशी
पेणकर, तुमच्या मुद्द्यात आणि डॉक्टरांच्या मुद्द्यात मजेशीर सांधा आहे. हेगडेच्या वेळी हरवलेला माणूस माहीत होता पण अवशेष नव्हते. गागोद्याला अवशेष होते पण हरवलेलं माणूस कागदावर नव्हतं. दोन्हीकडे कुणीतरी आतलं बोलेपर्यंत गाडी अडली.

टेकडीवरचा
हेच तर मी म्हणतोय! पोलीस शोधतात हा भ्रम आहे, कुणीतरी फुटतं आणि मग पोलिसांना सापडतं. त्यामुळे 'तेव्हाच लागलं असतं तर' ह्याला अर्थ नाही.

जुनाखोड_७६
टेकडीवरचा, हे हुल्याळकरांवर अन्याय करणारं आहे. गाठ ओळखली नसती तर त्या पोरांना उचलायचा प्रश्नच नव्हता आणि उचललं नसतं तर फुटलं कोण असतं? पाच महिने लोक हुर्यो करत असताना त्यांनी काम केलं.

पण धागाकर्त्याला अर्धे मार्क द्यायला हवेत. आमच्या कॉलेजात १९७७ च्या एप्रिलमध्ये कँटीनला हेच बोलणं चालायचं, की ज्यानं पहिला खून पाहिला तो वर्षभर गप्प बसलाच कसा. घाबरला असणार, मान्य. पण मधे जोशी गेले, अभ्यंकर गेले, शहरात दुसरा विषय नव्हता, आणि हा रोज टिळक रोडवरून जात असणार. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की त्यालाही फासावर चढवा. दुसरा म्हणायचा की तो बोलला म्हणून तर संपलं. त्यावरून दोघांची मैत्री तुटली, खरंच तुटली, एकाच्या लग्नाला दुसरा गेला नाही.

वकीलकाकू
माफी ही बक्षीस म्हणून देत नाहीत, सौदा असतो तो. सगळं खरं सांगायचं, काही लपवलं तर माफी जाते. कुणाला आवडो न आवडो, घरातल्या साक्षीदारांना जिवंतच ठेवलं नव्हतं अशा प्रकरणात दुसरा रस्ता नव्हता. बाकी नोंदीसाठी: खटला मे १९७८ ला उभा राहिला, न्यायाधीश वामन बापट, २८ सप्टेंबर १९७८ ला चौघांना फाशी. हायकोर्टानं एप्रिल १९७९ मध्ये कायम केली, सुप्रीम कोर्टात नोव्हेंबर १९८० मध्ये अपील फेटाळलं, २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी. चार महिन्यांत खटला संपला हे आज माझ्या ज्युनिअरना सांगितलं की त्यांना मी थापा मारतेय असं वाटतं.

चहातलाटोस्ट
माझ्या मामाचा पार्किंगचा खटला २००९ पासून चालू आहे.

संपादक
एक प्रतिसाद उडवला आहे. मृतांच्या आणि आरोपींच्या आजच्या नातेवाईकांची नावं, ते कुठे राहतात, काय करतात, हे इथे लिहू नये. त्यांनी काहीही केलेलं नाही.

सदाशिवपेठी
बरं केलंत. मला एक विचारायचंय, ते तळं आता कुठलं? मी सारसबागेच्या तळ्यातल्या गणपतीला जातो तिथलंच का? काही ठिकाणी सारसबाग असं वाचलं.

जुनाखोड_७६
मुळात सगळा तो परिसर म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या वेळचं पर्वतीचं मोठं तळं. मधल्या बेटावर गणपती. तळं पुढे आटवलं, बाग झाली, शेजारी पेशवे उद्यान १९५३ पासून, फुलराणी १९५६ ची. दोन्ही बागा लागून लागून, म्हणून सांगणारे कधी सारसबाग म्हणतात कधी पेशवे पार्क. उद्यानात तेव्हा तळं होतं. प्राणी १९९९ मध्ये कात्रजला गेले. आता तिथे गेलात तर काही कळणार नाही.

पर्वतीपायथा
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. डॉक्टरांचं वाचून 'पाणी कसं काही बोललं नाही' हा माझा अर्धा प्रश्न मिटला. उरलेल्या अर्ध्यावर मी ठाम आहे. तळं नव्हे, माणसं विचारायला हवी होती, आणि ज्यांना माहीत होतं ते वर्षभर चहा पीत होते. टेकडीवरचा, तुम्ही बोलाल की हे आज बसून बोलणं आहे, हो आहे, धागे आज बसूनच काढतात.

टेकडीवरचा
घ्या, ह्यावर मी काय बोलणार. पण मग सांगा, तुमच्या कट्ट्यावरच्या मित्रानं उद्या असं काही केलं आणि तुम्हाला कळलं, तर तुम्ही त्याच रात्री चौकीत जाल? सगळ्यांनी प्रामाणिकपणे उत्तर द्या, फुशारक्या नकोत.

बाईमाणूस
जाईन. पण नवऱ्याला घेऊन आणि सकाळी. रात्री नाही.

दोरीवाले
आधी वकीलकाकूंना फोन करीन.

वकीलकाकू
फी आगाऊ.

नागपूरवाला_बापू
मानवतचा धागा टाकला आहे वर. सदाशिवपेठी, वचन दिलं होतं, या आता.